चकत्यांच्या मिश्रणाची नळी वाचताना या चुका टाळा

गिब्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या एका खनिजाच्या) षटकोनी चकत्या, साधारण २०० नॅनोमीटर रुंद आणि जेमतेम दहा-पंधरा नॅनोमीटर जाड, टोल्युइन या द्रवात पुरेशा दाट झाल्या की नळीत दोन थर पडतात. एकात चकत्या कशाही पडलेल्या, म्हणजे आयसोट्रॉपिक. दुसऱ्यात त्या साधारण एकाच दिशेला तोंड करून राहतात, ते नेमॅटिक. नेमॅटिक जास्त दाट, म्हणून तो खालीच असणार, असं आपण धरून चालतो. मिश्रणात घोळ होतो तो इथेच.

जाड आणि पातळ चकत्या एकत्र असतील तर जाड चकत्या नेमॅटिकमधून बाहेर पडून आयसोट्रॉपिक थरात जमतात. त्या वजनदार, त्यामुळे आयसोट्रॉपिक थर तळाशी बसतो आणि नेमॅटिक वर तरंगतो. २००१ मध्ये व्हान डर कोय आणि लेकरकेरकर यांच्या गटाने गिब्साइटमध्ये हे पाहिलं, आणि त्यामागचं कारण सिद्धान्तानेही दाखवलं गेलं. तेव्हा नळीवर ‘वरचा’, ‘खालचा’ एवढंच लिहा. आयसोट्रॉपिक की नेमॅटिक हे नाव द्यायचं ते पोलरायझरमधून (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या पट्टीतून) पाहिल्यावर. मग सिरिंजने दोन्ही थरांतून सारख्याच मापाचा नमुना काढा, वाळवा, तोला. वजनातला फरक बोलका असतो.

पोलरायझरही फसवतो. काटकोनातल्या दोन पोलरायझरमध्ये थर काळा दिसला की तो आयसोट्रॉपिक, असं पटकन लिहू नका. चकत्यांना काचेला पालथं चिकटून राहायला आवडतं. सपाट कुपीत तुम्ही थेट त्यांच्या तोंडाकडे बघत असाल तर उत्तम नेमॅटिकसुद्धा काळाकुट्ट दिसतो. कुपी थोडी तिरकी धरा. काळ्यात उजेड फुटला तर तो आयसोट्रॉपिक नव्हता.

उलटही होतं. नुसती नळी हलवली तरी प्रवाहामुळे चमक येते. ती ओसरेपर्यंत थांबा.

पाण्यातल्या मातीच्या चकत्यांना, उदाहरणार्थ लॅपोनाइट या कृत्रिम मातीला, आणखी जपावं लागतं. ते अवघ्या दोन-तीन टक्क्यांना घट्ट होऊन बसतं, आणि त्यात अडकलेली चमक खरी फेज (नेमॅटिकसारखी वेगळी अवस्था) म्हणून नोंदली जाते. नळी आडवी करा: द्रव सरकला नाही तर तो जेल. सौम्य करायला नुसतं डिस्टिल्ड पाणी घालू नका, त्याने मिठाचं प्रमाणही बदलतं. डायलिसिससाठी (पातळ पडद्यातून मिठाचं प्रमाण जुळवण्यासाठी) वापरलेलं तेच द्रावण घाला.