वाडीचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) मंजूर करून घ्यायचा असेल तर

आधी रस्ता कोणाचा ते बघा. ग्रामीण रस्ते आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की तो तिथेच मुरतो.

व्हाळाची (ओढ्याची) रुंदी मोजा आणि भर पावसातले फोटो काढून ठेवा. पुराचं पाणी कुठवर चढतं, ती खूण फोटोत दिसली पाहिजे. मे महिन्यात कोरडा व्हाळ बघून कोणालाच गरज पटत नाही.

खरी अडचण जमिनीची. साकवाची दोन्ही टोकं कोणाच्या जागेत उतरतात ते सातबारावर पाहा. कोकणात एकेका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. संमतीपत्रावरच्या सह्या गणपतीत घ्या, सगळे घरी असतात. एक सही राहिली तरी काम सुरू झाल्यावर हरकत येऊ शकते.

मग विषय लेखी देऊन ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घाला. ऐनवेळी तोंडी मांडलेला विषय इतिवृत्तात हमखास गुळगुळीत होतो. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी कमी संख्या लागते. नाव मुंबईच्या यादीत असलेला चाकरमानी यात मोजला जात नाही. ठरावात वाडी, व्हाळ आणि गट नंबर स्पष्ट लिहून घ्या, सही-शिक्क्याची नक्कल मागा. काम गावच्या विकास आराखड्यात चढलं का, तेही तपासा. नंतर अंदाजपत्रकासाठी पंचायत समितीतल्या बांधकाम उपविभागाकडे पाठपुरावा करा.