अगारवरच्या कॉलनीतलं सर्फॅक्टिन माल्डी इमेजिंगने कसं टिपायचं

सर्फॅक्टिन हा जिवाणूने बनवलेला साबणासारखा पदार्थ. माल्डी इमेजिंग म्हणजे नमुन्यावर बिंदूबिंदूने लेझर मारून, कुठला रेणू कुठे आहे याचा वस्तुमानावरून काढलेला नकाशा. सुरुवात स्ट्रेनपासून, म्हणजे जिवाणूच्या वाणापासून. बॅसिलस सबटिलिसचा १६८ हा लॅबोलॅबी सापडणारा स्ट्रेन इथे कामाचा नाही. त्याचं एसएफपी जनुक निकामी आहे, त्यामुळे तो सर्फॅक्टिन बनवतच नाही. एनसीआयबी ३६१० घ्या.

९० मिमीच्या पेट्री डिशमध्ये अगार फक्त १० मिली ओता. थर दीड मिमीचा होतो. नेहमीसारखे २०-२५ मिली ओतले, तर सुकताना तडे जातात आणि व्हॅक्यूममध्ये पापुद्रे सुटतात. अर्धा मायक्रोलिटर कल्चर टेकवून ३० अंशांवर दीड दिवस ठेवा. जास्त वाढू दिलं की कॉलनीला सुरकुत्या पडतात.

भोवती सेंटिमीटरभर कोरा अगार राखून तुकडा कापा आणि आयटीओ काचेच्या (एका बाजूला वीजवाहक लेप असलेली काच) वाहक बाजूवर ठेवा (कुठली बाजू ते मल्टिमीटर सांगतो). एक कड आधी टेकवा, मग बाकीचा तुकडा हळूहळू सोडा. खाली बुडबुडा अडकला, तर सुकताना नेमका तिथेच फुगवटा येतो. शेजारी बिनकल्चरचा तुकडाही हवाच. आता मोजपट्टीसह फोटो काढा. मॅट्रिक्सखाली (लेझरची ऊर्जा शोषणारी पूड) कॉलनीची कड दिसत नाही.

डीएचबी आणि सीएचसीए ही मॅट्रिक्सची दोन रसायनं समप्रमाणात खलून ५३ मायक्रॉनच्या चाळणीने ओल्या अगारवर भुरभुरवा. ओला फवारा टाळा: सर्फॅक्टिन साबणासारखं, पाणी मिळालं की पसरतं. ३७ अंशांवर कडक सुकवा. पावसाळ्यात रात्रभरही लागते. मग काच तिरकी करून टिचक्या मारा, सुटी पूड झडू द्या.

मोजणी पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन भाराचे आयन), लेझरची पावलं २०० मायक्रॉनची. १० बाय १० मिमीला २,५०० बिंदू होतात. १०० मायक्रॉनला १०,०००, म्हणजे वेळ चौपट. भुरभुरवलेल्या मॅट्रिक्सचे कण बघता १०० मायक्रॉनच्या खाली जाण्यात अर्थ नाही. कॅलिब्रंट (वस्तुमान आधीच माहीत असलेला पदार्थ) अगारवरच टाका, कारण उंची बदलली की टॉफमधलं (आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान मोजणारं यंत्र) वस्तुमान सरकतं.

पंधरा कार्बनच्या साखळीचं सर्फॅक्टिन m/z (वस्तुमान भागिले भार) १०३६.७ ला, सोडियमसह १०५८.७ ला, पोटॅशियमसह १०७४.६ ला दिसतं. शेवटच्या दोहोंतला १६ चा फरक बघून ऑक्सिडेशन (एक ऑक्सिजन जास्त, तोही १६ च) म्हणू नका. १४ चा फरक मात्र साखळीतल्या एका कार्बनचा. कोऱ्या तुकड्यावरही १०५८.७ उजळलं, तर मॅट्रिक्स टाकताना ओल जास्त होती किंवा तुकडे एकमेकांना लागले होते. नवी काच घ्या.