युद्धानंतरच्या लंडनवर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक कथानकाच्या तारखेतच होते. ‘चाळीसच्या दशकाचा शेवट’ एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक प्रसंगाचा महिना ठरवावा लागतो. १९४५ मध्ये युद्ध संपलं, पण टंचाई वाढत गेली. पाव युद्धकाळात कधीच रेशनवर नव्हता. तो रेशनवर आला २१ जुलै १९४६ ला आणि सुटला जुलै १९४८ मध्ये. कपड्यांची कुपनं मार्च १९४९ पर्यंत, पेट्रोलची मे १९५० पर्यंत, चहाची ऑक्टोबर १९५२ पर्यंत, साखरेची सप्टेंबर १९५३ पर्यंत आणि मांसाची ४ जुलै १९५४ पर्यंत चालली. गोळ्या-चॉकलेटांचं रेशन एप्रिल १९४९ मध्ये उठलं, मागणी इतकी उसळली की ऑगस्टमध्ये ते परत आलं आणि फेब्रुवारी १९५३ ला कायमचं गेलं. या तारखांचा तक्ता करून टेबलासमोर चिकटवा आणि जेवणाचा प्रत्येक प्रसंग त्याच्याशी ताडून पाहा.

तारखा बरोबर असूनही रेशन कसं चालायचं हे माहीत नसलं की प्रसंग फसतो. नायिका वाटेतल्या कुठल्याही दुकानातून लोणी घेऊ शकत नव्हती. तिचं नाव ठरावीक दुकानदाराकडे नोंदलेलं असे. १९४८ मध्ये माणशी आठवड्याला चीज जेमतेम दीड-दोन औंस, म्हणजे ४० ते ५५ ग्रॅम, साखर साधारण २२५ ग्रॅम आणि आलंच तर एक अंडं. मांस वजनावर नव्हे, किमतीवर मोजलं जाई, म्हणून हलक्या प्रतीचा तुकडा घेतला तर जास्त मिळे. मासे आणि काळीज-गुर्दे रेशनबाहेर होते. रांगा तिथेही लागत. हॉटेलात कुपन लागत नसे, पण मे १९५० पर्यंत जेवणाच्या दरावर पाच शिलिंगांची मर्यादा होती. तुमचा नायक पुण्याहून शिकायला गेलेला शाकाहारी असेल तर एक फार उपयोगाची गोष्ट: तशी नोंद करून मांसाचा हक्क सोडला की जादा चीज मिळे. घरमालकीणबाईंशी त्याचं नातं रंगवायला एवढं पुरेसं आहे.

पैशांत तर हमखास घोटाळा होतो. १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड हा हिशेब १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत होता. रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, त्यामुळे पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा रुपयाही सोबत उतरला, म्हणून हा दर तसाच राहिला. घरून आलेली मनीऑर्डर आजच्या दराने मोजू नका.

पोशाखांची चूक फॅशनच्या छायाचित्रांमुळे होते. फ्रेंच फॅशनकार दिओरचे घेरदार झगे पॅरिसात दिसले फेब्रुवारी १९४७ मध्ये. लंडनच्या टायपिस्टकडे तेव्हा तेवढ्या कापडाची कुपनं नव्हती. कपबश्यांचंही तसंच. नव्या नक्षीदार कपबश्या निर्यातीला जात, १९५२ पर्यंत घरच्या बाजारात साध्या पांढऱ्याच. आजीची जुनी फुलांची बशी मात्र खुशाल दाखवा.

थंडीबद्दल मोघम लिहू नका. फेब्रुवारी १९४७ मध्ये कोळशाअभावी लंडनसह आग्नेय इंग्लंडमधल्या घरांची वीज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद होती. त्या वेळेत स्वयंपाकघरातला दिवा लावलात तर जाणकार वाचक तिथेच थांबेल.

तपासायचं कशावरून? तीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींत साल हमखास सरकतं, म्हणून त्या दिवसांतल्या रोजनिशा आधी वाचा. ससेक्स विद्यापीठाकडे असलेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या लोकजीवनाच्या पाहणीच्या संग्रहात सामान्य माणसांच्या रोजनिशा आहेत. संसदेतल्या चर्चांची ‘हॅन्सर्ड’ मोफत वाचता येते; तिथे खासदार बटाट्यांवरही मंत्र्यांना धारेवर धरतात. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचा, पण जाहिरात आली म्हणजे माल मिळत होता असं समजू नका.

नायक हॅम्बुर्गला गेला तर तक्ता नव्याने करा. २० जून १९४८ पूर्वी तिथे डॉइश मार्क हे नवं चलन नव्हतं, काळ्या बाजारात सिगारेटच चलनासारखी चालत होती. पश्चिम जर्मनीत अन्नाचं रेशन १९५० मध्ये संपलं, पूर्वेत १९५८ मध्ये.