माजी सैनिकाच्या मनाची काळजी घेताना या चुका टाळा

लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या माणसाच्या घरात एक बदल फार हळू होतो. आधी समारंभांना जाणं थांबतं. मग दार आपटलं म्हणून मुलांना दटावलं जातं. पुढे बातम्या लावायच्या नाहीत, पाहुण्यांना बोलवायचं नाही, तो झोपला असेल त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. बघता बघता सगळं घर त्याच्या त्रासाच्या तालावर चालू लागतं. हे मायेपोटी होतं, आणि याच मायेने आजार मूळ धरतो. घरच्यांकडून होणारी सर्वांत मोठी चूक मला हीच वाटते. पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

त्याला जे नको ते घरातून काढून टाकणं

आघातानंतरचा मानसिक आजार, डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात तो, चार अंगांनी दिसतो. नको त्या आठवणी आणि दुःस्वप्नं पाठ सोडत नाहीत. त्या आठवणी जागवणाऱ्या जागा, माणसं, विषय टाळले जातात. स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचं मत कडवट होतं, जवळची माणसंही परकी वाटू लागतात. आणि मन सतत पहाऱ्यावर असतं: दचकणं, चिडणं, झोप न लागणं. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात आडवं येऊ लागलं, तर निदानाचा विचार होतो. काहींच्या बाबतीत पुरती लक्षणं प्रसंगानंतर सहा महिन्यांनी, कधी त्याहून कितीतरी उशिरा दिसतात. त्यामुळे 'इतकी वर्षं तर बरा होता, आता काय झालं?' असं म्हणून गप्प बसू नका.

या चारांत 'टाळणं' सर्वांत निरुपद्रवी दिसतं, पण आजार टिकवून धरणारं अंग तेच. गर्दीत छाती धडधडते, माणूस बाहेर पडतो आणि लगेच बरं वाटतं. मन एवढाच धडा घेतं की गर्दी धोक्याची होती आणि निघालो म्हणून वाचलो. थांबलं असतं तरी धडधड आपोआप उतरली असती, हे कळायची संधीच मिळत नाही. घरचे त्याच्या वतीने सगळंच टाळू लागले की ती संधी कायमची जाते.

पण म्हणून त्याला ओढत गर्दीत नेऊ नका. तीही चूकच, आणि तिने विश्वास तुटतो. आपण काय काय करायचं सोडलं त्याची यादी दोघांनी मिळून करा, आणि त्यातलं सर्वांत सोपं कोणतं हे त्यालाच ठरवू द्या. कमी गर्दीची वेळ निवडा, किती वेळ थांबायचं ते आधी बोलून ठेवा. हॉटेलात त्याला दाराकडे तोंड करून बसायचं असेल तर बसू द्या, पण हॉटेलात जाणं सोडू नका. युद्धाच्या थेट आठवणींना भिडण्याचं काम मात्र थेरपिस्टसमोरच व्हायला हवं, घरी प्रयोग नकोत.

रात्रीचं एक वेगळं सांगते. दुःस्वप्नात ओरडणाऱ्या माणसाला गदागदा हलवून उठवू नका. अर्धवट झोपेत तो समोरच्याला शत्रू समजून हात उगारू शकतो. थोडं लांब उभं राहा, दिवा लावा, नावाने हाक मारा, तो घरी आहे आणि सुरक्षित आहे हे शांतपणे सांगा.

'विसरून जा' म्हणणं, किंवा खोदून विचारणं

दोन्हींमागे काळजीच असते, पण दोन्हींनी माणूस दार लावून घेतो. घरी सगळे तपशील सांगणं बरं होण्यासाठी गरजेचं नाही. 'आज कसा दिवस गेला, झोप लागली का' एवढं विचारून त्याच्याजवळ बसलात तरी ते पुष्कळ आहे.

एक प्रकार घरच्यांना हमखास चकवतो. काही सैनिकांच्या त्रासाचं मूळ भीतीत नसतं, ते अपराधीपणात असतं. सोबती गेला आणि मी राहिलो. माझ्या हातून निरपराध माणूस मेला. थांबवता आलं असतं ते मी थांबवलं नाही. तज्ज्ञ याला नैतिक जखम म्हणतात. अशा वेळी 'तू तर फक्त हुकूम पाळलास' किंवा 'तू आमचा हिरो आहेस' हे त्याला अजून एकटं पाडतं, कारण आपल्याला काय छळतंय ते समोरच्याला कळलेलंच नाही, असं त्याला वाटतं. समजूत काढायची घाई करू नका. ऐका, आणि हे ओझं थेरपीत मांडता येतं हे सांगा.

झोपेसाठी दारूकडे काणाडोळा करणं

'दोन पेग घेतले की झोपतो तरी' हे वाक्य बायका फार हताशपणे बोलतात. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं. पण ती स्वप्नांच्या झोपेला दाबते, आणि अंमल उतरू लागला की तीच झोप जोरात उसळते. म्हणून उत्तररात्री जाग येते, दुःस्वप्नं वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी मात्रा वाढते. झोपेचा प्रश्न झोपेचा म्हणूनच डॉक्टरांपुढे ठेवा. दुःस्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून त्याची उजळणी करायची, अशी एक थेरपी आहे आणि अनेकांना तिचा उपयोग होतो.

इथे एक धोका आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली लपवून दारू एका दिवसात बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊ शकतो. यात जीवही जातो. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

डॉक्टरांसमोर 'सब ठीक'

शिस्तीत वाढलेला माणूस डॉक्टरांपुढेही ताठ बसतो. कुरकुर करायची नाही, ही वर्षानुवर्षांची सवय दहा मिनिटांच्या तपासणीत सुटत नाही. वर कमकुवत ठरण्याची लाज असते. तिचा इतिहास क्रूर आहे. पहिल्या महायुद्धात पळून गेल्याच्या किंवा भित्रेपणाच्या आरोपावरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या 306 जणांना 2006 साली कायद्याने माफी मिळाली, आणि त्यांच्यातले काही जण आजारी होते हे आज आपल्याला कळतं. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत यायलाही 1980 साल उजाडावं लागलं. ही लाज अशी पिढ्यांची आहे. एका कळकळीच्या भाषणाने ती जाणार नाही.

त्यावर एक उपाय चालतो. जाण्याआधीच्या दोन आठवड्यांची नोंद ठेवा: किती तास झोप झाली, रात्री किती वेळा उठला, कशावरून भडकला, कुठे जायचं टाळलं, किती प्यायला. शक्य तर त्याच्या संमतीने सोबत जा आणि कागद डॉक्टरांच्या हातात द्या. सर्वांत वाईट दिवस कसा होता ते सांगा. चांगल्या दिवसाचं वर्णन तो स्वतः करतोच.

सगळं मनाचंच आहे असंही धरून चालू नका. स्फोटाच्या दणक्याने मेंदूला मार बसलेला असू शकतो. डोकेदुखी, उजेड सहन न होणं, विसरभोळेपणा, चटकन भडकणं ही त्याची लक्षणं पीटीएसडीसारखीच दिसतात. तोफा-बंदुकांच्या आवाजाने कान गेलेले असतात आणि आत सतत शिट्टी वाजत असते. बायकोला वाटतं तो मुद्दाम उत्तर देत नाही, प्रत्यक्षात त्याला ऐकूच आलेलं नसतं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही दाखवा. कानाची, डोक्याची आणि झोपेची तपासणी करून घ्या. कितीतरी भांडणांचं मूळ तिथे सापडतं.

उपचार अर्ध्यावर सोडणं

दोनदा गेलो, काही फरक नाही, उलट त्रास वाढला. ही तक्रार खरी असते. आघातावरच्या थेरपीत सुरुवातीचे काही आठवडे आठवणी जास्त वर येतात, आणि नेमक्या तेव्हाच माणूस सोडून देतो. हे आधी माहीत असेल तर घरचे त्याला त्या काळात धरून ठेवू शकतात. उपचार अनंतकाळ चालणारेही नाहीत. टाळलेल्या आठवणींना आणि जागांना टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवणाऱ्या प्रदीर्घ सामना थेरपीत साधारण 8 ते 15 बैठका असतात, बहुतेक 90 मिनिटांच्या. विचारांची उलटतपासणी करणारी थेरपी सहसा 12 बैठकांची असते. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर ही तिसरी चांगली वाट. नुसत्या गप्पा होत असतील तर थेरपिस्टला सरळ विचारा की यांपैकी कोणती पद्धत तुम्ही वापरता. पटत नसेल तर थेरपिस्ट बदला, पण उपचार थांबवू नका.

पीटीएसडीवर डॉक्टर देतात त्या सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या एकदम बंद करायच्या नाहीत. आणि ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या शांत झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या, पीटीएसडीवरचा इलाज नाहीत. त्यांची सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

आत्महत्येबद्दल विचारायला घाबरणं

विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारलं की एकट्याने वाहिलेलं ओझं पहिल्यांदा खाली ठेवता येतं. आडवळणाने नको, स्पष्ट विचारा: 'जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का? काही ठरवलं आहे का?' उत्तर ऐकून रडू नका, रागावू नका, शपथा घालू नका. सोबत राहा.

ही लाट अनेकदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते बाहेर, विश्वासू आणि कायदेशीर ठिकाणी ठेवा. तो नीट असताना याबद्दल बोललात तर त्याला ते पटतं, कारण शस्त्राच्या सुरक्षेचे नियम त्याने आयुष्यभर पाळलेत. साठवलेल्या गोळ्याही काढून टाका. जवळच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांना निरोपासारखे फोन करणं, किंवा खूप अस्वस्थतेनंतर अचानक आलेली शांतता दिसली तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या, किंवा तुमच्या भागातल्या संकटकालीन हेल्पलाइनला फोन लावा.

नोकरी सुटल्यानंतरचा पहिला काळ जास्त जपण्याचा असतो. गणवेश, हुद्दा, जिवाला जीव देणारे सोबती आणि दिवसाची आखणी, सगळं एकदम जातं. जुन्या युनिटमधल्या एखाद्या मित्राला 'त्याला फोन कर' असं सांगणं छोटं वाटतं, पण घरच्यांचा शब्द जिथे पोचत नाही तिथे त्या मित्राचा पोचतो.

कागद 'नंतर बघू' म्हणून ठेवणं

सेवेतली वैद्यकीय नोंद, जखमेचे अहवाल, सेवामुक्तीचे कागद यांच्या प्रती निवृत्तीच्या वेळीच घ्या. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करताना जुनी तारीखवार नोंद हाच आधार असतो, आणि अपिलाच्या मुदती कोणासाठी थांबत नाहीत. पेन्शन, वारसाचं नाव, बँक खातं यांची माहिती जोडीदाराला हवीच. ती फक्त त्याच्याच डोक्यात असेल तर आजारपणात सगळं घर अडकतं.

मुलं आणि जोडीदार यांना शेवटी ठेवणं

बाबा का ओरडले याचं कारण मुलं स्वतःत शोधतात. 'बाबांच्या मनाला मार बसलाय, त्यावर उपचार चालू आहेत, यात तुझी काही चूक नाही' एवढं त्यांच्या वयाला झेपेल तसं सांगा. आणि हात उगारला जात असेल, तर आजार हे कारण असेलही, पण तुम्ही तिथेच राहून सहन करावं असा त्याचा अर्थ होत नाही. आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा, उपचाराचं बोलणं त्यानंतर.

निवृत्त सैनिक स्त्री असेल तर तिचा त्रास अजूनच झाकला जातो. ती परतते त्याच दिवशी सगळं घर तिच्या अंगावर पडतं, आणि तिची चिडचिड 'स्वभाव' म्हणून सोडून दिली जाते. वरच्या सगळ्या गोष्टी तिलाही तशाच लागू आहेत.

तो यायलाच तयार नसेल तर

सगळ्यात जास्त घरं इथेच थांबतात, आणि थांबायची गरज नसते. तज्ज्ञाकडची पहिली वेळ तुमच्याच नावाने घ्या. नकार देणाऱ्या माणसाच्या कुटुंबालाच प्रशिक्षण देणाऱ्या पद्धती आहेत. व्यसनाच्या बाबतीत क्राफ्ट या नावाने ओळखली जाणारी पद्धत चांगली तपासली गेली आहे. तो शुद्धीत असताना काय बोलायचं, पिऊन आला की वाद न घालता बाजूला कसं व्हायचं, उपचाराचा विषय कोणत्या क्षणी काढायचा हे तिच्यात शिकवतात. जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा, आणि तुमच्या स्वतःच्या झोपेचीही लिहा.