जुन्या कपाटाचं, पेटीचं, दाराचं कुलूप न तोडता उघडायचं आणि दुरुस्त करायचं कसं

जुनं घर उतरवायला काढलं की पहिलं काम काय होतं, कोणीतरी छन्नी-हातोडा घेतो आणि फडताळाचं नाहीतर पेटीचं कुलूप तोडून टाकतो. पाच मिनिटात काम होतं खरं, पण ते कुलूप परत कुठं मिळत नाही आणि कुलपासोबत सागवानाची कडही फुटते, ती मग कोणताच सुतार पहिल्यासारखी करून देऊ शकत नाही. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात धरणगाव, एरंडोल, पारोळा, चोपडा, फैजपूर या बाजूच्या वाड्यांमध्ये आणि धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांमध्ये अजून भरपूर जुनं लाकूडकाम आहे आणि ते भंगारच्या भावात चाललंय, कारण काय तर "किल्ली नाही". किल्ली नसणं हे वस्तू विकायचं किंवा फोडायचं कारण होऊच शकत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, हे सगळं आपल्या स्वतःच्या वस्तूसाठी. पेटी वाटणीतली असेल, अजून कोणाच्या नावावर गेलेली नसेल, तर भावांना-काकांना समोर बसवा आणि मगच हात लावा. आत काय होतं आणि काय नव्हतं यावरून नंतर घरं तुटतात.

आता सुरुवात. आधी हे बघा की कुलूप खरंच लागलेलं आहे का. बऱ्याच वेळा कुलूप उघडंच असतं आणि लाकूड फुगून खण अडकलेला असतो, खास करून आषाढ-श्रावणात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लाकूड एकदम सुकून आकसतं, आणि पाऊस लागला की तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. फटीतून हॅक्सॉचं पातळ पातं किंवा जुनं एटीएम कार्ड सरकवून बघा, कुलपाच्या जागी लोखंडी जीभ आडवी लागली तर कुलूप बंद आहे, नाही लागली तर भांडण लाकडाशी आहे. मग घाई करू नका, पंखा लावा, दोन-चार कोरडे दिवस जाऊ द्या. आणि पावसाळ्यात रंधा तर अजिबात मारू नका, दिवाळीनंतर तोच खण नाहीतर तेच दार ढिलं होऊन खडखडायला लागतं.

कुलूप बंदच असेल तर घरातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या गोळा करा. देव्हाऱ्याचा खण, दाराच्या चौकटीवरची फळी, आजीच्या लुगड्यांची घडी, शिलाई मशीनचा ड्रॉवर, सगळं बघा. कारण जुन्या फर्निचरची साधी कुलपं एकाच साच्यातली असायची आणि एका टेबलाची किल्ली दुसऱ्या कपाटाला लागते, हे फार वेळा होतं. मोबाईलचा टॉर्च मारून किल्लीच्या भोकात बघा, मधोमध बारीक खुंटी उभी दिसली तर पोकळ नळीची किल्ली लागेल, खुंटी नसेल तर भरीव दांड्याची. एवढ्यावरच अर्ध्या किल्ल्या बाजूला पडतात. किल्ली आत गेली पण फिरत नाही तर जोर लावू नका, जुनी किल्ली पटकन मोडते आणि मोडलेला तुकडा काढणं हे नवीन काम होऊन बसतं.

फिरत नसेल तर गंज असू शकतो. थोडं घासलेट आणि शिलाई मशीनचं तेल मिसळून दोन-तीन थेंब भोकात सोडा, खाली लाकडाला लागू नये म्हणून कागद धरा, रात्रभर राहू द्या, सकाळी किल्ली हळूहळू मागेपुढे हलवा. डब्ल्यूडी फोर्टी पण चालतं, पण ते गंज सोडवायला चांगलं, कायमचं वंगण म्हणून नाही. खोबरेल किंवा गोडंतेल कधीच नको, काही महिन्यात त्याचा चिकटा होतो, धूळ बसते आणि कुलूप पहिल्यापेक्षा जास्त जाम होतं.

किल्ली सापडलीच नाही तर कुलपाच्या नादी लागण्याआधी वस्तू सगळ्या बाजूंनी बघा. वरचा खण उघडत असेल तर तो पूर्ण बाहेर काढा, बऱ्याच टेबलांमध्ये खालच्या खणावर फळी नसते आणि वरून हात जातो. कपाटाची पाठीमागची फळी नुसत्या खिळ्यांवर किंवा स्क्रूवर असते, ती काढली की आतून कुलूप स्क्रूसकट मोकळं करता येतं. पेटीच्या बिजागरीची तार बाहेरून निघते का बघा. समोरून एक ओरखडा न पाडता पाठीमागून काम झालं तर यापेक्षा चांगलं काही नाही.

आतली रचना समजून घेतली की भीती जाते. जुन्या फर्निचरमध्ये आणि आतल्या दारांमध्ये दोन प्रकार जास्त. पहिल्यात कुलपाच्या डबीच्या आत पत्र्याच्या आडव्या पट्ट्या असतात, चुकीची किल्ली त्यांना अडते, बरोबर किल्लीच्या दातात त्या पट्ट्यांसाठी खाचा असतात म्हणून ती फिरते. काम मात्र दाताचं टोकच करतं, ते जिभेला ढकलतं. दुसरा प्रकार लिव्हरचा. त्यात पितळेच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक असतात, प्रत्येकीच्या मागे स्प्रिंग, आणि किल्लीने प्रत्येक पट्टी बरोबर तेवढीच उचलली पाहिजे, कमी नको जास्त नको, तरच जीभ सरकते. कुलपावर फोर लिव्हर, सिक्स लिव्हर कोरलेलं असतं ते हेच. पहिल्या प्रकाराची किल्ली बाजारातला साधा किल्लीवाला करून देतो. कोऱ्या किल्लीला मेणबत्तीची काजळी लावतो, आत घालून हलकं फिरवतो, काजळी जिथं घासली गेली तिथं कानस मारतो, परत काजळी, परत कानस. लिव्हरच्या कुलपाला शक्य असेल तर कुलूपच काढून त्याच्याकडे न्या, आतल्या पट्ट्या डोळ्यासमोर ठेवून केलेली किल्ली जास्त टिकते.

इंग्रजांच्या काळातलं, चब या इंग्लंडच्या कंपनीचं कुलूप असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. १८१८ मध्ये जेरेमाया चबने असं कुलूप काढलं की कोणी चुकीची किल्ली किंवा तार घालून लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला तर तो वरच अडकून बसतो आणि मालकाला कळतं की कोणीतरी हात लावलाय. नंतरच्या कुलपांमध्ये खरी किल्ली आधी बंद करायच्या दिशेने थोडी फिरवली की तो लिव्हर सुटतो आणि मग कुलूप उघडतं. म्हणजे खरी किल्ली असून फिरत नसेल तर उलटी फिरवून बघा, कुलूप खराब आहे असं लगेच धरून चालू नका.

लोंबतं जुनं कुलूप असेल, पेचाच्या किल्लीचं, तर ती किल्ली घुसवून एका झटक्यात फिरवायची नसते. किल्लीला आटे असतात, ती बोल्टसारखी आत पेचत जाते आणि आतला दांडा स्प्रिंगविरुद्ध ओढून घेते. आटे झिजले असतील तर जवळच्या लेथवाल्याकडे कुलूप घेऊन जा, नुसती किल्ली नाही, कारण जुने आटे आजच्या मापात बसतीलच असं नाही, त्याला कुलपातूनच माप घ्यावं लागतं.

आता दुरुस्ती. कुलूप काढताना जुन्या स्क्रूची काळजी घ्या. खाचेत साचलेला रंग, मेण टाचणीने साफ करा, खाचेच्या पूर्ण रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, आधी किंचित आवळा आणि मग सोडा. ऐकत नसेल तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. निघालेले स्क्रू पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने खोचून ठेवा, जुने स्क्रू दिसायला सारखे असले तरी ज्या भोकातला त्यातच तो घट्ट बसतो. कुलपाचं झाकण उघडताना वर फडकं धरा, नाहीतर स्प्रिंग उडून कुठं जाईल सांगता येत नाही, आणि प्रत्येक पट्टी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, परत बसवताना हेच फोटो कामाला येतात. सगळे तुकडे घासलेटमध्ये भिजवून टूथब्रशने घासा, पूर्ण कोरडे करा. जाड गंज अगदी बारीक स्टील वूलने काढा. चिंच, लिंबू कुलपाच्या आत नको, आंबट पाणी कोपऱ्यात राहतं आणि परत गंज धरतं. बाहेरच्या पितळी पट्टीलाही मी तर नुसतं कोरडं फडकं मारतो, तिच्यावरचा तो काळपट सोनेरी रंग तयार व्हायला कित्येक वर्षं गेलेली असतात, पितांबरीने दहा मिनिटात तो का घालवायचा.

सगळ्यात जास्त काय मोडतं तर लिव्हरची स्प्रिंग. बाजारात ती मिळत नाही, पण चावीच्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची पोलादी पट्टी मस्त चालते. तिची बारीक पट्टी कापा आणि थंड असतानाच हळू वाकवा. जास्त वाकवायची असेल तर लाल तापवून वाकवावी लागते, पण मग ती मऊ पडते, परत लाल करून तेलात बुडवायची, घासून चकचकीत करायची आणि मंद आचेवर निळा रंग येईपर्यंत तापवायची, साधारण ३०० अंशाला तो निळा रंग येतो. निळ्यापुढे गेली की परत मऊ, अलीकडे राहिली की काचेसारखी तुटते. हे काम जुना लोहार नजरेने करतो, तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्याच्याकडेच जा आणि तो मागेल ते पैसे द्या, घासाघीस करू नका. मोडलेली किल्ली जोडायची असेल तर कथलाचा डाख टिकत नाही, पितळेने ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधा, करून घ्या. बसवताना मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड टाका, तेलाचा हात नको.

मोठ्या दाराचं कुलूप लागत नाही म्हणून लोक कुलपाला दोष देतात, पण बघायला गेलं तर दार खाली बसलेलं असतं. जुन्या वाड्यांची दारं बिजागरीवर नसतात, फळीच्या वरच्या-खालच्या लाकडी खुंटीवर फिरतात. खालची खुंटी झिजली की दार उतरतं आणि कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. लोक मग कोयंडाच उपटून खाली ठोकतात आणि चौकट चाळणी करतात. त्याऐवजी दोघा-तिघांनी दार उचलून खालच्या खळग्यात योग्य जाडीची लोखंडी चकती टाकली की कडी आपोआप जागेवर येते. दार फार जड असतं, एकट्याने उचलायला जाऊ नका.

तिजोरीला मात्र हात लावू नका. गोदरेजने १८९७ मध्ये सुरुवात कुलपांपासूनच केली होती आणि त्यांच्या जुन्या तिजोऱ्या आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या घरात अजून आहेत, तिथं ड्रिल मारलं की कुलूपही जातं आणि दारही, त्यासाठी कंपनीचा माणूस नाहीतर तिजोरीचंच काम करणारा कारागीर बोलवा.

सगळं जमलं की कुलूप लाकडात बसवायच्या आधी हातात धरूनच दहा-वीस वेळा उघड-बंद करून बघा, जीभ पूर्ण आत जाते का, पूर्ण बाहेर येते का. मग बसवा, दार उघडं ठेवून परत किल्ली फिरवा, त्यानंतरच दार लावून कुलूप लावा. आणि त्याच दिवशी दुसरी किल्ली करून घ्या, तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधून कोणत्या कपाटाची ते लिहा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याच कपाटात नको.