पुढचा गारठतो, मागचा दमतो

पन्हाळा–पावनखिंड आठ-दहा वेळा लीड केलंय, म्हणजे पोरांना बर्फात स्कीवरही नेता येईल, असं मला वाटायचं. तुम्हालाही तसं वाटत असेल तर आधी हे वाचा. मग खुशाल न्या, मी अडवणार नाही.

मोजणी, शिट्टी, बॅक लीड (सगळ्यात शेवटी चालणारा मोठा माणूस), औषधांची पेटी हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. स्कीचं तेवढं थोडं सांगतो. आपल्याकडचे बहुतेक कोर्स उतारावरच्या स्कीइंगचे. क्रॉस-कंट्रीचं, म्हणजे सपाटीवर स्कीनं लांबवर जाण्याचं, गणित वेगळं. बूट फक्त पुढून अडकवलेला, टाच सुटी. स्की अरुंद, आणि ट्रॅकवरच्या स्कीला धातूची कड नसते. त्यामुळं शाळेच्या घसरगुंडीएवढ्या उतारावरही पोरगं थांबता थांबत नाही. उतारावर एकेकालाच सोडायचं. खालचा बाजूला झाल्याशिवाय वरचा सुटायचा नाही. कुणी घाबरलं तर स्की काढून चालत उतरू दे. "चार दिवसांत शिकवतो, सर्टिफिकेटसकट" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. असले गुरू मी दोन पाहिलेत, दोघांनाही फोटो काढायची घाई.

पण मी फसलो तो उतारावर नाही. फसलो सपाटीवर, कारण क्रॉस-कंट्री म्हणजे बर्फावरचं पळणंच. अंगाला घाम येतो, आणि तोही भसाभसा.

गुलमर्ग, फेब्रुवारी. चौदा पोरं, आम्ही तीन मोठे आणि एक स्थानिक गाइड. माझं सगळं लक्ष शेवटच्या मुलीकडं. अंगानं किरकोळ, दर शंभर पावलांना थांबणारी. सगळ्यात पुढं आमचा तालमीतला गडी. तो झाडीच्या टोकाला कधीच पोचला. मी लांबूनच ओरडलो, "तिथंच थांब, सगळे येऊ देत!" पोरगं गुणी, थांबलं. वीस-पंचवीस मिनिटं, उघड्यावर, वाऱ्यात. आत सुती सँडो बनियन, पिळलं तर पाणी निघेल अशी. जॅकेट सॅकमध्ये, कारण "गरम हुतंय की, दादा."

आम्ही पोचलो तेव्हा त्यानं जॅकेट अंगात घातलं होतं आणि चेन लावत होता. चेनचं टोक खाचेत बसेना. तीनदा बघितलं, मग हात तसेच खाली सोडले. काय झालं विचारलं तर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. पोरं हसली, "पैलवानाची बोबडी वळली!" मीही हसलो.

ते हसणं मला अजून टोचतं. आपल्याकडं बोबडी वळणं हा चेष्टेचा विषय, बर्फात ते लक्षण आहे. बोटं ऐकत नाहीत, जीभ जड होते, पाय अडखळतात, पोरगं चिडचिडं किंवा एकदम गप्प होतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. तिथं आपण थर्मामीटर लावत बसत नाही, चेन लावता येते का ते बघायचं.

गाइड हसला नाही. त्यानं गड्याला झाडांच्या आडोशाला नेलं, ओली बनियन काढली, कोरडं फ्लीस घातलं, वर स्वतःचा फेरन, म्हणजे काश्मिरी घोळदार अंगरखा, चढवला. बर्फावर बसू दिलं नाही, खाली सॅका अंथरल्या. गिळता येतंय याची खात्री करून थर्मासमधलं साखरेचं गरम पाणी घोटघोट पाजलं. मी हातपाय चोळायला गेलो तर माझाच हात बाजूला केला. चोळायचं नाही, पळवायचं नाही. अर्ध्या तासानं गडी म्हणाला, "भूक लागलीय." मला रडू आलं, पण पोरांसमोर दाबलं.

आता नीट ऐका, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "पुढच्यानं थांबायचं, मागचा आला की निघायचं" हा आपला ट्रेकचा नियम बर्फात दोन्हीकडून मारतो. पुढचा घामेजून थांबतो आणि उभ्याउभ्या गारठतो. मागचा धापा टाकत येतो, तेवढ्यात सगळे निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज, त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यात दणकट पोरगं सगळ्यात जास्त घाम गाळतं आणि सगळ्यात जास्त वेळ उभं राहतं. आपण मात्र लुकड्याकडं बघत असतो. खरं तर हे मी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जुलैच्या पावसात दर वर्षी बघत होतो. चालताना कुणी कुडकुडत नाही, थांबलो की दात वाजतात. बघूनही कळलं नव्हतं.

म्हणून आता सगळ्यात सावकाश चालणारं पोरगं माझ्या लगेच मागं, आणि वेग त्याचा. दणकट गडी मागं, बॅक लीडसोबत. ज्याला धीर निघत नाही त्यानं मागं वळून शेपटापर्यंत एक फेरी मारायची, उभं राहायचं नाही. निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे. तेव्हाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार. दहा मिनिटांनी एक थांबा, फक्त कपडे कमी करायला. थांबलं की पहिलं काम जॅकेट, मग पाणी, मग गूळ-शेंगदाणे. गारठा वाटायची वाट बघायची नाही. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, तोंड मोकळं राहतं. जोड्या लावून एकमेकांची नाकं-कानं बघायला सांगा, पांढरट डाग दिसला की कातडी गोठायला लागली, लगेच आडोसा.

हिमस्खलनाबद्दल एवढंच, की तिथं आपली अक्कल चालवायची नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्याच अफरवाट डोंगरावर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात मेले. स्थानिक गाइड "आज नाही" म्हणाला की पत्ते काढायचे.

घाबरवतोय असं वाटत असेल तर तसं नाही. कर्नाटकातल्या कोडगूसारख्या बिनबर्फाच्या मुलखातली भवानी तेक्कडा नंजुंडा क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये भारताकडून उतरते, मग आपली पोरं काय कमी आहेत? त्या मागं राहणाऱ्या मुलीनं शेवटच्या दिवशी न थांबता मैदानाला दोन फेऱ्या मारल्या.

निघायच्या आदल्या रात्री मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत सगळ्यांच्या सॅका उघडायला लावतो. गेल्या खेपेला हे काम तालमीतल्या गड्यानं मागून घेतलं. एकाच्या सॅकेत तळाशी घडी घातलेली सँडो बनियन सापडली. त्यानं ती दोन बोटांत धरून त्या पोराच्या आईकडं दिली आणि पोराला म्हणाला, "ही रंकाळ्यावर फिरायला घाल, भावा. तिकडं न्हाई."