प्रीकॅल्क्युलसची व्यवहारातली गणितं: या चुका टाळा

प्रीकॅल्क्युलस म्हणजे कॅल्क्युलसच्या आधी शिकायचं गणित. ते व्यवहारातल्या उदाहरणांतून शिकायचं म्हटलं की मुलं खूश होतात. त्यांना वाटतं, गणित कमी आणि गोष्ट जास्त. मग गोष्ट घाईघाईत वाचायची, त्यातले आकडे उचलून सूत्रात कोंबायचे आणि बाहेर पडेल त्या उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. इतक्या वह्यांत हेच पाहिलंय की आता लिहूनच टाकतो.

सूत्र रेडियनमध्ये, कॅल्क्युलेटर डिग्रीत

एका मुलाला आकाशपाळण्याचं उदाहरण दिलं होतं. पाळणा खाली असताना जमिनीपासून २ मीटरवर, वर गेला की २२ मीटरवर, एक फेरी ४ मिनिटांची, सुरुवात तळापासून. पठ्ठ्याने समीकरण अगदी बरोबर मांडलं: उंची = १२ − १० कॉस(π × वेळ ÷ २). दोन मिनिटांनी पाळणा कुठे असेल? त्याचं उत्तर २.०१५ मीटर. म्हणजे अर्धी फेरी झाली आणि पाळणा जेमतेम दीड सेंटिमीटर वर चढला! वर हा मला विचारतो, "सर, दशांशानंतर दोनच अंक ठेवू का?"

कोन मोजायची एककं दोन: डिग्री म्हणजे अंश, आणि रेडियन; π रेडियन म्हणजे १८० अंश. सूत्र रेडियनमध्ये होतं, कॅल्क्युलेटर डिग्रीत होता. त्याने ३.१४ रेडियनऐवजी ३.१४ अंशांचा कॉस काढून दिला. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं, त्याला दोष देता येत नाही. पण अर्ध्या फेरीला पाळणा माथ्यावर असतो हे कळायला कॅल्क्युलेटर कशाला हवा?

माझी सवय सांगतो. बसल्या बसल्या आधी साइन ३० दाबायचं. ०.५ आलं तर डिग्री, −०.९८८ आलं तर रेडियन. आणि बटणाला हात लावण्याआधी सुरुवात, पाव फेरी आणि अर्धी फेरी या तीन वेळांच्या उंची नुसत्या अंदाजाने कागदावर लिहायच्या. "वेळ जातो" म्हणणाऱ्यांचा वेळ नंतर खाडाखोडीत जातो, तो कोणी मोजत नाही.

आलेख म्हणजे चेंडूचा मार्ग समजणं

उंची = २० × वेळ − ४.९ × वेळ². चेंडू सरळ वर फेकलाय, तरी आलेख पाहून निम्मा वर्ग सांगतो की चेंडू पुढे जाऊन पडला. अरे, आडव्या अक्षावर सेकंद आहेत, मीटर नाहीत! चेंडू जिथून निघाला तिथेच परत येतो. म्हणून अक्षांची नावं आणि एककं लिहिल्याशिवाय मी आलेख तपासतच नाही. याच समीकरणात वेळ ५ सेकंद घालून −२२.५ मीटर काढणारेही भेटतात. चेंडू ४.०८ सेकंदांनाच जमिनीवर आलेला असतो. फलाचा प्रांत, म्हणजे वेळेच्या कोणत्या किमतींपुरतं हे समीकरण खरं आहे ते, लिहायचा कंटाळा केला की चेंडू जमिनीखाली जातो.

बाकीच्या

साइन(२ × क्ष − π/३) हा आलेख उजवीकडे π/३ नव्हे, π/६ सरकतो. आधी २ सामाईक काढा.

दरवर्षी १० टक्के वाढ, ७ वर्षं, म्हणून ७० टक्के? नाही, जवळजवळ ९५.

६० डेसिबलची दोन यंत्रं एकत्र चालली तर १२० होत नाहीत, साधारण ६३ होतात. डेसिबलची पट्टी लॉगची (लॉगरिदमची), तिथे दर दहापटीला आकडा १० ने वाढतो; तिच्यावर सरळ बेरीज चालत नाही.

उन्नत कोनावरून (शेंडा पाहायला नजर आडव्या रेषेपासून जितकी वर उचलावी लागते तो कोन) झाडाची उंची काढली आणि स्वतःच्या डोळ्यांची उंची मिळवलीच नाही, तर झाड तेवढंच बुटकं.

आणि एक नवीन खूळ: मोजलेले सात बिंदू संगणकात टाकायचे, सहाव्या घाताची बहुपदी (क्ष⁶ पर्यंतच्या पदांची राशी) निवडायची आणि रेषा सगळ्या बिंदूंतून गेली म्हणून खूश व्हायचं. क्ष-किमती वेगवेगळ्या असलेल्या सात बिंदूंतून ती जाणारच, त्यात नवल ते काय! गरम पाणी थंड होतानाची मापं अशी बसवा आणि मग तासाभरानंतरचं तापमान त्या बहुपदीला विचारून पाहा. ती बहुधा पाणी उकळवेल नाहीतर गोठवेल. खोलीच्या तापमानाकडे हळूहळू झुकणारं घातांकीय फल हाताने बसवायला वेळ लागतो, पण निदान ते खोलीत तरी थांबतं.